परतीची वाट : नाशिकची हिंदुस्थान कंपनी आणि एक जुना प्रश्न

एके काळी बाजारावर निर्विवाद सत्ता गाजवणारी कंपनी कोसळली तर ती पुन्हा उभी राहू शकते काय, हा प्रश्न गेल्या दीड-दोन दशकांत मोबाइल फोनच्या संदर्भात पुष्कळदा विचारला गेला. २००७-०८ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांपैकी जवळपास चार नोकियाचे असत. २००३ साली आलेला, माथ्यावर विजेरी असलेला नोकियाचा ११०० हा फोन आपल्याकडे खेडोपाडी पोहोचला होता. २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला आणि बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यापुढे बटणांचा फोन पाहता पाहता जुना झाला. २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टची साथ घेऊन लुमिया हा नवा फोन काढला. यंत्र म्हणून तो उणा नव्हता. परंतु तोवर गिऱ्हाईक यंत्रापेक्षा यंत्राभोवती जमलेले ॲप्सचे जग पाहून फोन घेऊ लागले होते आणि ते जग प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात वसले होते. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला; त्याच वर्षी चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद झाला. पुढे एचएमडी या निराळ्याच कंपनीने नावाचा परवाना घेऊन नोकियाचे फोन पुन्हा बाजारात आणले. ते विकले गेले, पण गेलेले स्थान परत आले नाही.

या घटनाक्रमात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. नोकियाचे पहिल्यांदा साधन हुकले. साधन हाती आले तेव्हा साधनाभोवतीचे जग हुकले. दोन्ही वेळा अंतर फारसे नव्हते, एखाद्या पावलाचेच होते. तेवढेच एक पाऊल पुन्हा पुन्हा का मागे राहावे, हा कोड्यात टाकणारा भाग आहे.

व्यवस्थापनाचे अभ्यासक या कोड्याची उत्तरे आपापल्या परीने देतातच. परंतु हाच प्रश्न आमच्या नाशिक शहराने नव्वद वर्षांपूर्वी फार जवळून पाहिला आहे, याचे स्मरण आम्हां नाशिककरांनाही क्वचितच असते. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण ज्यांचा गौरव करतो, त्या धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांची कंपनी नाशिकची. तिचा उदय सर्वांना ठाऊक आहे. तिचा उतार आणि त्या उतारावरून वर चढण्याचे फाळक्यांचे प्रयत्न मात्र चरित्रग्रंथांच्या शेवटच्या प्रकरणांत राहून गेले आहेत. प्रस्तुत लेख त्या शेवटच्या प्रकरणांविषयी आहे.

आधी उदयाची थोडक्यात उजळणी करू. फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नकाशे-रेखाटने, ठसे तयार करणे, छपाई असे नाना उद्योग त्यांनी केले आणि प्रत्येक उद्योगातील कौशल्य मागे ठेवून ते पुढे गेले. छपाईचा व्यवसाय भरभराटीस आला असताना भागीदाराशी न पटल्यामुळे तो त्यांनी सोडला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना पडद्यावर आपले राम-कृष्ण कधी दिसतील या विचाराने त्यांना झपाटले. १९१२ च्या आरंभी विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, तेथून कॅमेरा व यंत्रसामग्री घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

त्याच वर्षी फाळके आपला संसार आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. संसार आणि कारखाना हे दोन शब्द येथे मुद्दाम जोडून लिहिले आहेत, कारण त्या काळी ते निराळे नव्हतेच. कथा रचणे, पात्रे निवडणे, देखावे रंगवणे, छायाचित्रण, फिल्म धुणे, तुकडे जोडणे ही सर्व कामे फाळके स्वतः करीत. कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई करीत आणि कंपनीतील माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. नाशिकच्या मुक्कामात ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ झाले. गोदेचा घाट, देवळे, आसपासचे डोंगर हे सारे पौराणिक चित्रपटाला आयते नेपथ्य होते. १९१७ च्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि त्या चित्रपटाने मुंबईत गर्दीचा उच्चांक गाठला.

फाळक्यांचे वर्चस्व नेमके कशावर उभे होते, हे पाहिले पाहिजे. देशात चित्रपट निर्माण करण्याची संपूर्ण विद्या, पहिल्या कृतीपासून शेवटच्या कृतीपर्यंत, एका माणसाच्या हातात होती. प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. परदेशी चित्रपटांचा तर पूर होता. परंतु पुराणकथा जाणणारा, कॅमेऱ्याची करामत जाणणारा आणि प्रेक्षकाची नाडी जाणणारा मनुष्य एकच होता. ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये भारतीय चित्रपटाविषयी त्यांनी लेखमाला लिहिली. तिच्यातील आत्मविश्वास या एकहाती सामर्थ्याचाच आहे. आपला धंदा स्वदेशी आहे, हे ते तेथे अभिमानाने सांगतात. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी ती लेखमाला अवश्य वाचावी. एका नव्या कलेचा कारागीर स्वतःच तिचे चरित्र सांगतो आहे, असे मराठीत त्यापूर्वी फारसे घडले नव्हते.

पण एकहाती सामर्थ्याला भांडवल पुरत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाची चणचण इतकी झाली की लोकमान्य टिळकांसारख्यांनी फाळक्यांसाठी भांडवल उभारण्याची खटपट करून पाहिली. ती सिद्धीस गेली नाही. अखेर १९१८ च्या आरंभी मुंबईच्या भांडवलदारांच्या भागीदारीत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ नाशिक येथे उभी राहिली. वामन श्रीधर आपटे हे तिच्या व्यवस्थापक भागीदारांपैकी प्रमुख. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ आला, १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ आला. दोन्हींचे स्वागत झाले. ‘कालियामर्दना’तील बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी.

आणि येथेच पहिली फट पडली. भागीदारांना हिशेब हवा होता, वेळापत्रक हवे होते, वर्षाकाठी ठरावीक चित्रपट हवे होते. भांडवल घालणाऱ्याची ही मागणी अन्यायाची म्हणता येणार नाही. फाळक्यांना मात्र घरासारखा चालणारा कारखाना हवा होता आणि घरात हिशेबनीस चालत नाही. मतभेद वाढले. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले. छापखान्याच्या वेळी जे घडले होते, तेच पुन्हा घडले.

काशीच्या मुक्कामात त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. तत्कालीन मराठी नाट्यव्यवसायावरचे ते उपरोधिक नाटक होते. ते रंगमंचावर आले, पण तग धरू शकले नाही. चित्रपटाचा हा प्रवर्तक नाटकवाल्यांवर टीका करण्यासाठी नाटकाकडेच वळला, ही गंमत आहे खरी. पुढे तिला एक वेगळीच किनार आली.

इकडे नाशिकची कंपनी फाळक्यांवाचून चालू राहिली, पण तिचे तेज उतरले. फाळक्यांनी परत यावे असा आग्रह वृत्तपत्रांतून आणि स्नेह्यांकडून होऊ लागला. १९२२-२३ च्या सुमारास ते परतले. भागीदार म्हणून गेलेला मनुष्य आता दरमहा एक हजार रुपये पगारावर निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून परत आला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. तरीही ज्या कारखान्यातील प्रत्येक कप्पी आपल्या हाताने बसवली, त्याच कारखान्यात नोकर म्हणून शिरताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. परतीची ही पहिली पायरी.

मधल्या तीन-चार वर्षांत बाहेरचे जग बदलले होते. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली होती आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला होता. मुंबईत द्वारकादास संपत यांची कोहिनूर फिल्म कंपनी उभी होती. पुढे तिने गोहर, सुलोचना अशा नट्यांना पुढे आणले आणि प्रेक्षक नटीचे नाव पाहून तिकीट काढू लागला. कलकत्त्यास मदन थिएटर्सच्या हाती चित्रपटगृहांची साखळीच होती. यांच्यापैकी कोणाकडेही फाळक्यांइतकी सर्वांगीण विद्या नव्हती. तिची गरजही उरली नव्हती, कारण ती विद्या आता अनेक हातांत वाटली गेली होती. एकाने कॅमेरा सांभाळावा, दुसऱ्याने देखावे, तिसऱ्याने दिग्दर्शन, चौथ्याने पैसा, अशी कामाची वाटणी रूढ झाली. फाळक्यांच्याच हाताखाली तयार झालेली माणसेही तिचा भाग होती. जाणत्याची जाण सार्वत्रिक झाली की जाणत्याचे स्थान जाते, हा कोणत्याही विद्येचा अनुभव आहे.

विषयाच्या बाबतीतही एक हालचाल सुरू झाली होती. १९२५ मध्ये बाबुराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट सावकाराच्या तावडीत सापडलेल्या शेतकऱ्याचा होता. मराठी कादंबरीचे वास्तव त्यातून मराठी माणसाच्या चित्रपटात शिरले. नाशिकच्या कंपनीने सुमारे पंधरा वर्षांत नव्वदहून अधिक मूकपट काढले; त्यांत भर राहिला तो मुख्यतः पुराणावर. हा भर अडाणीपणाचा नव्हता. पुराणकथा साऱ्या हिंदुस्थानला आधीच ठाऊक असते. मजकुराच्या पाट्या तेवढ्या बदलल्या की तोच मूकपट कोणत्याही प्रांतात चालतो. मूकपटाच्या बाजारात पुराण हेच सर्वांत पक्के चलन होते आणि ते चलन पाडण्याची टांकसाळ नाशिकला होती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि ते चलनच बदलले. त्या वेळी फाळके ‘सेतुबंधन’ या खर्चिक, महत्त्वाकांक्षी मूकपटात गुंतले होते. कंपनीशी पुन्हा फाटल्यावर ‘फाळके डायमंड कंपनी’ या नावाने त्यांनी हे काम आरंभले. मध्येच पैसा संपला आणि आपट्यांच्या मदतीने ते पुरे करावे लागले. १९३२ मध्ये चित्रपट तयार झाला तेव्हा प्रेक्षक पडद्यावरची माणसे बोलताना ऐकून आलेला होता. पुढे ‘सेतुबंधना’ला मागाहून आवाज जोडण्याचा खटाटोप झाला. मुक्या माणसांच्या हालत्या ओठांवर बाहेरून शब्द बसवले गेले. कंपनी १९३३ च्या सुमारास संपुष्टात आली.

आता त्याच १९३२ सालातील दुसरी घटना पाहू. बाबुराव पेंटरांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली होती. १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातचा पहिला बोलपट, म्हणजेच मराठीतील पहिला बोलपट आला, तो ‘अयोध्येचा राजा’. कथा कोणाची, तर हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांपूर्वी फाळक्यांनी ज्या कथेने भारतीय चित्रपटाला जन्म दिला, त्याच कथेने प्रभातने मराठी बोलपटाला जन्म दिला. म्हणजे १९३२ मध्ये पुराण जुने झालेले नव्हते. नाशिकचे अपयश विषयाचे होते असे या वेळेपुरते तरी म्हणता येत नाही. हुकले होते ते साधन, आवाज.

आणि आवाज म्हणजे केवळ एक यंत्र नव्हे. ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. संगीत नाटकाने तीन पिढ्या जोपासलेला गळा, संवादलेखन, उच्चार, प्रेक्षकाचा तयार झालेला कान हे सारे बोलपटाने एका फटक्यात आपलेसे केले. ज्या रंगभूमीवर फाळक्यांनी दहा वर्षांपूर्वी उपरोधाचे नाटक लिहिले, तीच आता चित्रपटाची मोठी शिदोरी ठरली. मघाशी म्हटलेली वेगळी किनार ती हीच.

नाशिक मुंबईपासून दूर, म्हणून कंपनी मागे पडली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते टिकत नाही. कोल्हापूर त्याहून दूर होते आणि तेथेच मराठी बोलपट जन्मला. फरक माणसांच्या मांडणीत होता. प्रभातचे पाच भागीदार पाच अंगे सांभाळीत. दामल्यांनी ध्वनीचे तंत्र आत्मसात केले, फत्तेलालांनी कलाविभाग पाहिला, धायबर कॅमेऱ्यामागे होते, शांताराम दिग्दर्शन करीत आणि पैशाची बाजू कुलकर्ण्यांकडे होती. नवे तंत्र आले तेव्हा एकाने ते शिकून घेतले, बाकीच्यांचे काम चालू राहिले. नाशिकला नवे तंत्र आले असते तर ते शिकण्याची जबाबदारी बासष्ट वर्षांच्या एकाच माणसावर पडली असती. ज्या एकहातीपणाने फाळक्यांना १९१३ मध्ये अजोड केले, तोच १९३२ मध्ये त्यांची मर्यादा ठरला.

यानंतर परतीची दुसरी पायरी आली आणि ती कोल्हापूरमधूनच आली. राजाराम महाराजांच्या पाठबळाने चाललेल्या कोल्हापूर सिनेटोनने फाळक्यांना बोलपट काढण्यास बोलावले. दोन वर्षे खपून त्यांनी ‘गंगावतरण’ पुरा केला. १९३७ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा फाळके सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या हातून झालेला हा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. या वेळी त्यांना सर्व काही मिळाले होते. आवाज मिळाला, भांडवल मिळाले, सज्ज स्टुडिओ मिळाला. १९३२ मध्ये जे हुकले, ते १९३७ मध्ये हातात होते. स्वर्गातून उतरणारी गंगा दाखवण्याची करामत त्यांच्याइतकी कोणाला साधणार होती?

मात्र १९३७ हे प्रभातच्या ‘कुंकू’चे वर्ष आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी ते लग्न मनाने मान्य करण्यास नकार देते. पुराण त्या वेळीही चालत होते. संतपटही चालत होता. त्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात वाखाणला गेला. परंतु ‘तुकारामा’तील तुकाराम आणि जिजाई ही देहूच्या घरातील माणसे आहेत, चमत्काराइतकीच त्यांची गरिबी आणि भांडणे खरी आहेत. प्रेक्षक आता पडद्यावर माणूस शोधू लागला होता. फाळक्यांचा प्रेक्षक देव पाहण्यास येत असे. पडद्यावर राम दिसला की लोक हात जोडत, अशी आठवण सांगितली जाते. ‘गंगावतरणा’त देव होते, करामत होती, आता आवाजही होता. पण हात जोडणारा प्रेक्षक पांगला होता. पहिल्या वेळी साधन हुकले, दुसऱ्या वेळी साधनाभोवतीचे जग हुकले. फिनलंडच्या फोन कंपनीचा जो क्रम आरंभी पाहिला, तो पाऊणशे वर्षे आधी गोदावरीकाठच्या माणसाच्या वाट्याला आला होता.

हे साम्य ओढूनताणून आणलेले वाटू नये. उतारावरील कंपनी किंवा कलावंत परत येऊ पाहतो तेव्हा गेल्या वेळच्या पराभवाचे कारण तो दूर करतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु ते कारण दूर होईतो मैदान सरकलेले असते आणि तो जिंकतो ती मागची लढाई. याला बुद्धी कमी म्हणता येत नाही. वर्चस्व अनुभवलेल्या माणसाच्या मनात आपल्या जागेचे एक चित्र पक्के बसलेले असते, परतायचे ते त्याच जागी. ती जागा अस्तित्वात नाही, हे त्याला कोणी पटवून देऊ शकत नाही.

मग कोणीच परत येत नाही काय? येतात. आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज कंपनीची चेतक ही स्कूटर १९७२ पासून मध्यमवर्गाच्या संसाराची खूण होती. ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. १९८५ नंतर हिरो होंडाच्या मोटारसायकली आल्या आणि नव्या शतकाच्या आरंभी बजाजचे पहिले स्थान गेले. बजाजने २००१ मध्ये पल्सर ही मोटारसायकल आणली आणि काही वर्षांनी स्कूटर काढणेच थांबवले. ज्या वस्तूमुळे नाव झाले ती वस्तू सोडून कंपनी सावरली. २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर चालणारी होऊन, जुन्याचे केवळ नाव घेऊन. नोकियाचेही तसेच. फोन विकून टाकल्यावर ती कंपनी मोबाइल जाळ्याची यंत्रसामग्री करणारी म्हणून टिकून आहे. परत आलेले असे निराळ्या दाराने आले. गादी मागितली नाही म्हणून घर मिळाले.

फाळक्यांना निराळे दार उघडे होते काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. १९२७-२८ मध्ये सरकारने रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली होती. या विद्येचा आद्य जाणता म्हणून ते शिक्षक होऊ शकले असते. पुढे १९६० मध्ये पुण्याला प्रभातच्याच जागेत चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. तसे काही १९३० च्या सुमारास नाशिकला निघाले असते तर आमच्या शहराचा इतिहास निराळा झाला असता. पण ही कल्पना करणे आपल्याला आज सोपे आहे. संसाराचा भार असलेल्या, चित्रपट काढण्यावाचून दुसरे काही नको असलेल्या माणसाला त्या वेळी असे कोणी सुचवले असते तरी त्याने ते ऐकले नसते, असे त्यांच्या चरित्रावरून वाटते.

१९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव झाला. त्या प्रसंगी फाळक्यांचा गौरव करण्यात आला आणि व्यावसायिकांनी त्यांच्यासाठी निधी जमवला. त्यात शांतारामांचा पुढाकार होता. नाशिकचे त्यांचे घर उभे राहण्यास या निधीचा हातभार लागला. ज्यांच्यापुढे हरले, त्यांनीच आसरा दिला, असे या प्रसंगाचे वर्णन करता येईल. जिंकणाऱ्यांचे पुढे काय झाले, हेही याच ठिकाणी नोंदवले पाहिजे. शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि १९५० नंतर काही वर्षांतच प्रभातही मिटली. बाबुराव पेंटरांची कंपनी तर त्याही आधी संपली होती.

आमच्या विषयाशी, म्हणजे साहित्याच्या इतिहासाशी, या कथेचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो असा. आपण वाङ्मयाचा इतिहास शिकवताना ‘आद्य’ हे विशेषण फार सढळ हाताने वापरतो. आद्य कादंबरी, आद्य नाटककार, आद्य चित्रपटकार. हे विशेषण मानाचे आहे आणि तितकेच ते निरोपाचेही आहे. एकदा आद्य म्हटले की त्या लेखकाचे पुढचे लेखन वाचण्याची जबाबदारी संपते. फाळक्यांच्या बाबतीत १९१३ ते १९१९ ही सहा वर्षे आपण पाठ करतो आणि १९१९ ते १९४४ ही पंचवीस वर्षे एका वाक्यात गुंडाळतो. २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा सुंदर चित्रपटही पहिल्या यशापाशीच थांबतो. त्याचा विषयच तो आहे, म्हणून तक्रार नाही. पण ‘रंगभूमी’ नाटक, पगारी नोकरीतील वर्षे, आवाज चिकटवलेले ‘सेतुबंधन’ आणि उशिरा उतरलेली गंगा हे सारे वगळून फाळके समजत नाहीत. यशाच्या काळात कलावंत काय करू शकतो हे कळते. तो काय सोडू शकत नाही, हे उताराच्या काळात कळते.

नाशिक शहरालाही हे लागू आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. १९६९ पासून दिला जाणारा चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान त्यांच्या नावाने आहे. त्यांच्या नावाची चित्रनगरी मात्र मुंबईत गोरेगावला आहे. नाशिक परिसरातही चित्रनगरी व्हावी, अशी मागणी अधूनमधून होत असते. मागणी रास्त आहे. ती करताना १९१८ चे नाशिक परत हवे आहे की आज नाशिकला जमेल असे काही निराळे हवे आहे, एवढे मात्र आपण स्वतःला विचारावे. पहिल्या प्रकारची मागणी फाळक्यांनी दोनदा करून पाहिली होती.

दोनदा म्हटले खरे, पण कदाचित तीनदा म्हणावे लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. आयुष्याच्या अखेरीस, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, फाळक्यांनी आणखी एक चित्रपट काढण्यासाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला, असे सांगतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.